रीमर धरायचा कसा?



मला इथं बोलावलं ते कवी म्हणून. कवितेविषयी काही बोला, असं सुचवलं होतं. मी म्हटलं, कवितेविषयी बोलणारी जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. मला एका हत्यारावर बोलू द्या. तीस-पस्तीस वर्षं मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत लेथवर काम केलं. कविता केल्या त्या सुट्टीच्या दिवशी आणि रात्रपाळीहून आल्यावर झोप लागेपर्यंत. तेव्हा हत्यारावर बोलायचा माझा हक्क थोडा जास्तच आहे.

हत्याराचं नाव रीमर. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मक्याच्या कणसावर दाण्यांच्या जशा उभ्या ओळी असतात, तशा एका पोलादी दांड्यावर सहा-आठ उभ्या धारा असतात. ड्रिलनं पाडलेल्या भोकातून हा दांडा फिरवत न्यायचा. तो भोकाच्या आतून अगदी पातळ थर खरवडून काढतो आणि भोक नेमक्या मापात आणतो. ड्रिलनं पाडलेलं भोक डोळ्यांना गोल दिसतं, पण ते पुरतं गोल नसतं, पुरतं सरळही नसतं. ड्रिलचं टोक धातूत शिरताना थोडं भरकटतं. म्हणून आधी ड्रिल, मग बोअरिंगच्या हत्यारानं भोक सरळ करणं आणि शेवटी रीमर, असा क्रम असतो.

हा क्रम महत्त्वाचा का, तर रीमर भोकाची जागा सुधारत नाही. तो आधीच्या भोकाच्या मागोमाग जातो. भोक वाकडं असेल तर तो वाकडाच जाणार, फक्त आतून गुळगुळीत करणार. बारा मिलिमीटरच्या भोकासाठी रीमरला जेमतेम पाव मिलिमीटर धातू ठेवायचा. त्याहून जास्त ठेवला तर तो गुदमरतो, आणि फारच कमी ठेवला तर कापण्याऐवजी नुसता घासत बसतो. ड्रिलपेक्षा वेग कमी ठेवायचा, पण पुढे मात्र न रेंगाळता सरकवायचा. तेल भरपूर. आणि बाहेर काढताना कधीही उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की बुरा धारेच्या पाठीमागे अडकतो, धारही जाते आणि भोकावर ओरखडेही उठतात.

हे सगळं मी आयटीआयच्या पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण रीमर धरायचा कसा, हे मला कारखान्यात आल्यावर कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली. त्याविषयीच आज बोलायचं आहे.

मी जुन्या नाशकातला. आमचे अब्बा कल्हईवाले. तांबट आळीतल्या भांड्यांवर त्यांचं पोट. भट्टी, कथील, नवसागरचा पांढरा धूर, कापसाचा बोळा आणि भांड्याच्या पोटातून फिरणारा त्यांचा हात, ही माझ्या लहानपणाची ओळख. पुढे घरोघरी स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईचं काम ओसरत गेलं. अब्बा म्हणाले, "बेटा, भट्टी आता मला पुरते तेवढीच आहे. तू मशीनचं काम शिक." त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड घेतला, अप्रेंटिसशिप केली आणि सातपूरच्या एका कारखान्यात कॅपस्टन लेथवर लागलो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. 1989 साली नाशकातच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं होतं. त्याच्याकडून पाळ्या सांभाळून बीए केलं. मराठी विषय घेऊन. ऑपरेटर लोक हसायचे, की हा बुशही बनवतो आणि वृत्तंही मोजतो.

आमच्या खात्यात एक सेटर होते. सिन्नर तालुक्यातले. सगळे त्यांना तात्या म्हणत. सेटर म्हणजे मशीन लावून देणारा माणूस. हत्यारं कुठं, किती पुढं, कोणत्या वेगानं, हे त्यानं ठरवायचं आणि ऑपरेटरनं चालवायचं. तात्यांचं शिक्षण सातवी, पण मशीनच्या आवाजावरून ते सांगत, की धार गेली का तेल आटलं.

कॅपस्टन लेथमध्ये जॉब फिरतो आणि हत्यारं एका षट्कोनी टरेटवर बसवलेली असतात. एकामागून एक हत्यार समोर येतं. मशीन नवं असतं तेव्हा टरेटमधल्या भोकांचा मध्य आणि फिरणाऱ्या जॉबचा मध्य एका रेषेत असतो. वीस वर्षं पाळ्यांवर पाळ्या झाल्या की टरेट झिजतो, थोडा खाली बसतो. किती? दोन-तीन शतांश मिलिमीटर. डोळ्यांना दिसणारच नाही. पण बारा मिलिमीटरच्या ज्या भोकाचं माप बारा ते बारा पूर्णांक अठरा सहस्रांश एवढ्यातच बसायला हवं, तिथं दोन-तीन शतांश म्हणजे सगळंच गेलं. अठरा मायक्रॉन म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पाव भागाएवढं अंतर.

मग अशा झिजलेल्या मशीनवर रीमर आवळून धरला तर काय होतं? भोकाचा मध्य एकीकडे, रीमरचा मध्य दुसरीकडे. दोघांची ओढाताण होते. रीमर एका अंगाला दाबला जातो आणि भोकाचं तोंड रुंद करत आत शिरतो. भोक तोंडाशी सनईसारखं पसरट होतं, आत गेल्यावर मापात येतं. म्हणून रीमरसाठी वेगळा होल्डर असतो, त्याला फ्लोटिंग होल्डर म्हणतात. त्यात रीमर फिरत नाही, मागे सरकत नाही, पण केसभर आजूबाजूला हलू शकतो. त्याला भोक जिकडे आहे तिकडे वळायची मुभा असते. नवीन मुलांना हा होल्डर पाहून नवल वाटतं, की हत्यार असं ढिलं कसं ठेवायचं? मलाही वाटलं होतं. तात्या म्हणाले होते, "पोरा, घट धरलं म्हंजी सरळ धरलं आसं नसतं."

हा प्रश्न काही आमच्या कारखान्यापुरता नव्हता. मुंबई-आग्रा रस्त्याच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या किंगपिनचे बुश रीम करताना तुम्ही कुणी पाहिलं असेल. वर एक बुश, खाली एक बुश, आणि दोन्हींतून एकच पिन जायची असते. मिस्त्री लांबलचक रीमर घेतो. वरचा बुश कापला जात असताना रीमरचा खालचा भाग खालच्या बुशात असतो, तोच त्याला सरळ ठेवतो. मिस्त्रीच्या हातात फक्त हँडल असतं. तो फिरवतो, वाट बुश दाखवतात. हँडलवर त्यानं एका बाजूला जोर दिला की काम बिघडलं.

ओझरला मिगचा कारखाना 1964 साली उभा राहिला. तिथं काम केलेल्या शेजाऱ्यांकडून मी ऐकत आलो, की विमानात जिथं नेमक्या मापाचा बोल्ट बसवायचा असतो तिथं ड्रिलचं भोक चालत नाही, ते रीम करावंच लागतं. भोकात बोल्ट सैल बसला तर सांध्यावरचा सगळा भार एकाच कडेवर येतो. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा टीव्हीवर शेवटची उड्डाणं पाहताना माझ्या मनात वैमानिकांबरोबर ती भोकंही होती. ती करणारे हात कुणाच्या लक्षात असणार?

आणि बंदुकीच्या नळीत तर हा प्रश्न सगळ्यात कडक होतो. लहानपणी देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असला की दूरवरचे धमाके आमच्या गल्लीपर्यंत येत. पण मी सांगतो आहे ते रायफलीविषयी. रायफलीच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. गोळी त्यांतून फिरत जाते म्हणून सरळ जाते. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. ती जागा रीमरनंच कापतात. त्या रीमरच्या नाकावर धार नसलेला गुळगुळीत भाग असतो. तो आधीच तयार असलेल्या नळीत शिरतो आणि वाट दाखवतो. आता मागून रीमर धरायचा कसा, यावर कारागिरांत पिढ्यानपिढ्या वाद आहे. कुणी म्हणतं घट्ट पकडा, कुणी म्हणतं हलता होल्डर हवा, कुणी म्हणतं मागून फक्त टेकू द्या आणि हातानं आवरा. पण हेतूविषयी वाद नाही. चेंबर आणि नळी यांचा मध्य एकच असला पाहिजे. तो चुकला तर गोळी पहिल्याच खाचेत तिरकी शिरते.

आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथं काडतुसं होतात. रायफली होतात कोलकात्याजवळ इशापूरला. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री तिथं बनत असे. 2021 साली या निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या, तेव्हा वरणगाव एका कंपनीत गेलं आणि इशापूर दुसऱ्या. मधे सुमारे दीड हजार किलोमीटर. काडतूस करणारा आणि चेंबर कापणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. तरी याचं काडतूस त्याच्या चेंबरमध्ये बसायलाच हवं. त्या दोघांच्या मधे विश्वासाला जामीन कोण, तर गेज. एक गेज आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. गो आणि नो-गो.

आमच्या बुशालाही तेच. एका दांडीच्या एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो सहज आत जावं, नो-गो तोंडाशीच अडावं. बुश जायचे ट्रकच्या ब्रेकच्या जोडणीत.

आता 1993 च्या फेब्रुवारीतली ती रात्र.

मी अजून कायम झालेला नव्हतो. तिसरी पाळी होती. रात्री दोनच्या सुमारास रीमर कुरकुरू लागला. भोकात बारीक लाटा उठू लागल्या. मला वाटलं, हा होल्डरच फार ढिला झालाय. खरं कारण उलटं होतं. होल्डरमध्ये बुरा जाऊन बसला होता आणि रीमरची हालचाल अडली होती. तो उघडून, धुऊन, तेल देऊन परत लावायला अर्धा तास गेला असता. नगांवर इन्सेंटिव्ह होता. मी पितळी पत्रीचा एक तुकडा घेतला आणि होल्डरच्या फटीत ठोकून बसवला. रीमर घट्ट झाला. कुरकुर थांबली. भोकं आतून अशी चकाकू लागली, की मी स्वतःवर खूश झालो.

चारच्या सुमारास गेज लावलं. गो गेलं. नो-गो तीन मिलिमीटर आत शिरलं आणि मग अडलं. मी दुसरा बुश घेतला. तेच. मला माहीत होतं हे काय आहे. पुस्तकात लिहिलेलं होतं, तात्यांनी दाखवलेलं होतं. पण पहाटेच्या वेळी माणूस स्वतःशी फार गोड बोलतो. मी म्हटलं, तोंडाशीच तर शिरतं, आत मापातच आहे. आणि ते साठ बुश मी चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये ठेवले.

तात्या सातच्या पाळीला पावणेसातलाच येत. त्यांनी आल्या आल्या ट्रेमधला एक बुश उचलला, उजेडाकडे धरला. गेज लावलं. दुसरा उचलला. मग होल्डरकडे गेले. पितळी पत्री बोटांनी ओढून काढली आणि खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. ट्रे उचलून लाल पेटीजवळ नेला आणि रिजेक्शनची स्लिप भरली. कारण लिहिलं, 'सेटिंगमध्ये चूक.' आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

मी पाहत उभा होतो. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

ते दिवस कसे होते, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांना सांगायला नको. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत जे झालं त्याला महिनाही उलटला नव्हता. कारखान्यात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. पण डबा खाताना गप्पा मी आलो की थांबत. अशा वेळी ब्रेकचे साठ बुश एका टेंपररी मुसलमान पोरानं होल्डरमध्ये पत्री ठोकून बिघडवले आणि चांगल्या मालात मिसळले, ही बातमी ऑफिसात गेली असती तर? आळस ही चूक आळस म्हणून राहिली असती का? मला ठाऊक नाही. तात्यांना काय वाटलं, तेही त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ती पत्री त्यांनी खिशात का टाकली, याचा मला दुसरा अर्थ लागत नाही.

त्या दिवशी सुपरवायझर तात्यांना सगळ्यांसमोर बोलला. "इतक्या वर्षांनी सेटिंग चुकतं तुमचं?" तात्या खाली मान घालून ऐकत होते. त्यांचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला. त्यांच्या नावावर तोवर अशी स्लिप नव्हती. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. पुढच्या मे महिन्यात मी कायम झालो.

त्या साठ बुशांमधला एकही बाहेर गेला नाही, हे माझं नशीब आणि तात्यांचा डोळा. मी रात्री जागा होऊन अनेकदा विचार केला आहे. तात्या त्या दिवशी रजेवर असते तर ते बुश कुठल्यातरी ट्रकमध्ये बसले असते. कदाचित काहीच झालं नसतं. ब्रेकच्या जोडणीत पिन थोडी खडखडली असती, लवकर झिजली असती. कदाचित. या 'कदाचित'वर मी साठ बुश ठेवले होते.

नंतरच्या वर्षांत काळ बदलला. आता सीएनसी मशीन आहे. त्याच्या स्पिंडलमध्ये रीमर दोन-तीन मायक्रॉनच्या आत सरळ फिरतो. तिथं हलता होल्डर लावणं उलट चूक ठरतं, रीमर पक्काच धरावा लागतो. मी नव्या मुलांना हे सांगतो, कारण तात्यांचं वाक्य काहींनी मंत्रासारखं पाठ केलं आहे. ते वाक्य झिजलेल्या मशीनसाठी होतं. आधी मशीन तपासा. डायल लावा, मध्य कुठं आहे पाहा. मशीन सरळ असेल तर घट्ट धरा, नसेल तर हत्याराला वाट शोधू द्या. आणि दोन्हींत गेज जे सांगेल ते ऐका. ते पहाटे चार वाजताही तेच सांगतं.

कवितेविषयी एकच सांगून थांबतो. तरुणपणी माझ्या कविता फार चकाकायच्या. आमच्या घरची बोली दखनी, आणि माझं मराठी कुणाला उसनं वाटू नये म्हणून मी शब्द आवळून धरायचो. बाहेरून गुळगुळीत, तोंडाशी पसरट. एका ज्येष्ठ कवींनी वही परत देताना म्हटलं, "मराठी उत्तम आहे, पण तुम्ही यात कुठे आहात?" त्या दिवशी मला साठ बुश आठवले. पुढे मी भट्टीवर लिहिलं, अम्मीच्या बोलीतले शब्द येऊ दिले. कविता कमी झाल्या, पण मापात आल्या असं मला वाटतं.

तात्या रिटायर झाल्यावर एकदा ईदच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. डब्यात शीरखुर्मा होता. ठरवून गेलो होतो, की आज बोलायचं. ओट्यावर बसलो, त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. मी म्हटलं, "तात्या, त्या रात्रीचं..." त्यांनी हात वर केला. म्हणाले, "होल्डर रोज उघडून धुतोस का?"

मी म्हटलं, "हो, पाळी सुरू करायच्या आधी."

"मग झालं," म्हणाले, आणि पावसाचं विचारू लागले.

तात्या आता नाहीत. तो कारखानाही आता नाही. ती स्लिप केव्हाच रद्दीत गेली असेल. पण तिच्यावरचं नाव चुकीचं होतं. सेटिंग बरोबर होतं, पत्री मी ठोकली होती. तात्यांना ऐकायचं नव्हतं म्हणून मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते गेल्यावर सांगायचं कुणाला, म्हणून गप्प बसलो. आज तुम्हाला सांगितलं. सिन्नर तालुक्यात त्यांची मुलं, नातवंडं कुणी ऐकत असतील, तर त्यांनाही कळू दे, की त्यांच्या माणसाची सेटिंग त्या दिवशीही चुकली नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)